बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं : जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींसाठी

बारावीचा निकाल लागला की मंचर, नारायणगाव, ओतूर, घोडेगावच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला, आणि आता मुलालाही, नर्सिंगला घालायचं तर चार वर्षांची डिग्री कशाला? इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं, गोळ्या वाटायच्या. एवढं तर एखाद्या दवाखान्यात राहून सहा महिन्यांत येतं. आईवडील वर्षांचा आणि पैशाचा हिशोब करत असतात, त्यात गैर काही नाही. पण सुई टोचण्याचं कसब हा या अभ्यासक्रमाचा फार लहान भाग आहे. समोरच्या माणसाची तब्येत कुठल्या दिशेनं चालली आहे हे ओळखणं, त्या घडीला करता येण्यासारखं ते करणं आणि वेळेत पुढं पाठवणं, यासाठी ती चार वर्षं आहेत. आहुपे, हातवीज, घाटघर अशा घाटमाथ्यावरच्या गावांत रात्री-अपरात्री डॉक्टर हाताशी नसतो. तिथं हे शिक्षण जितकं कामाला येतं तितकं पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातही येत नसेल.

प्रवेश कसा होतो

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत. राज्य सीईटी कक्ष या अभ्यासक्रमासाठी वेगळी सीईटी घेतो आणि तिच्या गुणांवर केंद्रीय फेऱ्यांतून जागा मिळतात. ही परीक्षा दिलीच नाही म्हणून चांगले गुण असूनही मागं राहिलेली मुलं दरवर्षी दिसतात, म्हणून बारावी चालू असतानाच तिच्या अर्जाची तारीख पाहून ठेवावी.

नर्सिंगच्या तीन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची आणि बी.एस्सी. चार वर्षांची. पहिल्या दोन पदविका, तिसरी पदवी. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते आणि अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद ठरवते. सध्याचा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू झाला. त्यात आठ सत्रं आहेत, प्रत्येक सत्र साधारण २० आठवड्यांचं आणि आठवडा ४० तासांचा. देशात नर्सिंगची पहिली पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथं सुरू झाली. त्याच्याही आधी, १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी बायकांना, त्यातही विधवांना, नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं होतं. त्या काळात हे काम घरंदाज बाईनं करायचं नाही अशी समजूत होती. ती मोडण्याचं श्रेय पुण्याचं आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलींना माहीत असावं.

पहिलं वर्ष : शरीर आणि एक पूर्ण मिनिट

सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असतात. त्यांच्या जोडीला नर्सिंगचा पाया: हात धुण्याची पद्धत, खाटेवरच्या माणसाला न उठवता चादर बदलणं, अंथरुणाला खिळलेल्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, प्रथमोपचार. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं, कारण पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत असतात. आश्रमशाळेतून आलेल्यांना तर दुहेरी ओझं असतं. पण मी म्हणेन, या भीतीनं मागं फिरू नये. त्यांना पुढं जो फायदा होतो तो शहरातल्या मुलांना होत नाही: वॉर्डात आलेल्या डोंगरी म्हातारीचं बोलणं त्यांना पहिल्या फटक्यात कळतं.

याच वर्षी श्वास मोजायला शिकवतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट, ते शांत असताना, छातीच्या हालचालीकडे पाहून मोजायचा असतो. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त, तर खोकला असलेल्या त्या मुलाला न्यूमोनिया असू शकतो. पावसाळ्यात भीमाशंकरच्या पट्ट्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, घरात चुलीचा धूर कोंडलेला असतो. अशा घरात खोकणाऱ्या बाळाला आज रुग्णालयात न्यायचं की उद्या पुन्हा पाहायचं, हे त्या एका मिनिटावर ठरतं. घड्याळ आणि नजर, एवढ्याच साधनांवर.

औषधाचं गणित

दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढांच्या आजारांची शुश्रूषा हे विषय येतात. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी पडताळायच्या हे अंगवळणी पडेपर्यंत घोकून घेतात. त्यात गणित असतं. डॉक्टरांनी लिहिलं की ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत जाऊ द्या, तर थेंब किती सोडायचे? नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होत असेल तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, आणि चार तास म्हणजे २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. हेच सलाईन दमेकरी किंवा हृदयविकाराच्या म्हाताऱ्याला भरभर सोडलं तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. गावाकडं 'ताकदीचं सलाईन' मागून घेण्याची जी सवय लागली आहे तिचा धोका शिकलेल्या नर्सला दिसतो, आणि तिनं तो लोकांना सांगायला हवा.

साप, बिबट्या आणि फवारणीचं विष

अभ्यासक्रम देशभर एकच आहे. पण जुन्नर-आंबेगावच्या मुलानं किंवा मुलीनं तो शिकताना आपला तालुका डोळ्यांपुढं ठेवावा, कारण पुस्तकातली काही पानं जणू इथल्यासाठीच लिहिली आहेत.

सर्पदंश घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जातींच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे वापरतात. साप कोणता ते रुग्णाला सांगता येत नाही, म्हणून लक्षणं वाचावी लागतात. घोणस चावली की जागा सुजते, दुखते आणि रक्त गोठेनासं होतं. त्यासाठीची चाचणी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात करता येते: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरपं करून पाहायचं. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, म्हणजे विष भिनलं आहे. नळी ओली असली, प्लॅस्टिकची असली किंवा मधेच कुणी हलवली तर निकाल फसतो. ही नळी सांभाळणारी बहुधा नर्सच असते.

मण्यारीची गोष्ट याहून कठीण आहे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना नसतात, कधी दाताची खूणही दिसत नाही. सकाळी माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे त्याला ओवा देतात. थोड्या वेळानं पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं, नंतर श्वासाचे स्नायूच थकतात. शेतात किंवा शेडवर राहणाऱ्या मजुराला सकाळी पोटदुखी झाली तर 'काल रात्री कुठं झोपला होतात?' हा प्रश्न विचारणारी नर्स जीव वाचवू शकते. लस घोड्याच्या रक्तापासून बनत असल्यामुळे तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ती सुरू करण्याआधी ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं असतं. आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस द्यावी लागते, कारण सापानं मूल लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारावर वर्षानुवर्षं काम करून हा विषय गावोगाव नेला आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट आहे. प्रशिक्षित नर्सशिवाय ते गाठता येणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

बिबट्याचं तसंच. उसाच्या पट्ट्यात त्याचा वावर आहे, माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. पण बिबट्याची जखम टाके घालून भागत नाही. रेबीजच्या दृष्टीनं ती तिसऱ्या श्रेणीची मानतात. आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, मग जखमेतच प्रतिद्रव्याचं इंजेक्शन आणि त्याच दिवसापासून लसीची मालिका. कातडीत द्यायच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. चौथ्या वेळी, जखम भरून आल्यावर, माणूस येतच नाही. त्याला फोन करून बोलावून घेणं हा शुश्रूषेचाच भाग आहे.

फवारणीच्या विषाचे रुग्ण टोमॅटो-द्राक्षाच्या गावांना नवे नाहीत. काहींनी ते रागाच्या किंवा निराशेच्या भरात प्यायलेलं असतं. काहींच्या अंगावर उघड्या हातांनी फवारताना गेलेलं असतं, आणि ते कातडीतूनही भिनतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ, अंगाला घाम, छातीत घरघर. विषाचे कपडे उतरवून अंग धुणं, स्वतः हातमोजे घालणं आणि ॲट्रोपिन सुरू असताना दर काही मिनिटांनी नाडी, बाहुल्या, छातीचा आवाज पाहून लिहीत राहणं हे तासन्‌तास चालतं. मात्रा कमी पडली तरी धोका, जास्त झाली तरी रुग्ण बरळू लागतो. डॉक्टर औषधाचा निर्णय घेतात तो या नोंदींवर. आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्यानं विष का घेतलं हे विचारायचं काम उरतंच.

मनाचे आजार

त्यासाठी पाचव्या आणि सहाव्या सत्रात मानसिक आरोग्य शुश्रूषा आहे. पुणे परिसरातल्या विद्यार्थ्यांना येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काम करायची संधी मिळते. घाबरत गेलेली मुलं तिथून बदलून येतात. अंगात येणं, सारखं हात धुणं, बाळंतपणानंतर बाळाकडे न पाहणं, दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी होणारा भ्रम, या सगळ्याकडे आजार म्हणून पाहायला ती शिकतात. देवऋष्याकडे गेलेल्या घराला न हिणवता उपचारापर्यंत कसं आणायचं, हे मात्र कुठल्याही पुस्तकापेक्षा गावातच कळतं.

बाळंतपण

सहाव्या-सातव्या सत्रात प्रसूतिशुश्रूषा येते. बी.एस्सी. झालेली नर्स परिचारिका आणि प्रसविका अशी दोन्ही म्हणून नोंदली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विद्यार्थी स्वतः देखरेखीखाली बाळंतपणं करतात आणि प्रत्येकाची नोंद वहीत होते. ही नोंद अपुरी असेल तर पदवी मिळत नाही.

गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, पाय सुजले, डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली तर झटक्यांचा धोका. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके, पिशवीचं तोंड किती उघडलं, कळा किती वेळानं येतात हे एका तक्त्यावर उतरवत जायचं. रेषा पुढं सरकत नसेल तर बाई अडली आहे, आणि तेव्हाच गाडी बोलवायची. अंगातली ताकद संपल्यावर नव्हे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला १० युनिट ऑक्सिटोसिन आणि त्याच मिनिटात बाळ रडलं की नाही, श्वास घेतंय की नाही ते पाहणं. बाळंतिणीचा जास्तीचा रक्तस्राव थोड्या वेळात जीव घेतो. डोंगरातल्या वाडीपासून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात किती लांब होतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना 'आधी ओळखा' या शिकवणीचं मोल वेगळं सांगायला नको.

उपकेंद्र, वाडी आणि अंगणवाडी

मला या पदवीतला सर्वांत मोलाचा विषय वाटतो तो सामुदायिक आरोग्य शुश्रूषा. पाचव्या आणि सातव्या सत्रात विद्यार्थी रुग्णालय सोडून गावात जातात: घरोघरी पाहणी, पाण्याच्या स्रोताची तपासणी, लसीकरणाची सत्रं, क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्या, साथीचा माग. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम भाग या दुसऱ्या मापात बसतो, पण तिथं ३,००० माणसं किती वाड्यांत आणि किती ओढ्यांपलीकडं विखुरलेली असतात हे मापात दिसत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. टेप लावणं सोपं आहे. कठीण आहे ते आईशी बोलणं: हिरडा गोळा करायला आई दिवसभर रानात जाते, तेव्हा बाळाला कोण भरवतं? घरात नाचणी आहे, वरई आहे. तिची पेज कशी घट्ट करायची, त्यात तेल किती घालायचं? आहारशास्त्राच्या पुस्तकातली प्रथिनं इथं भाकरी-कालवणाच्या भाषेत सांगावी लागतात. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना सोबत घेतल्याशिवाय हे होत नाही. बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई जातात. त्यांनी कळवलेली खूण ओळखून पाऊल उचलायचं ते नर्सनं.

२०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं. या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना हे काम करता येतं, आणि त्यासाठी लागणारी कौशल्यं नव्या अभ्यासक्रमातच घातली आहेत. बीपी-साखरेचे रुग्ण तपासणं, ठरवून दिलेली औषधं देणं, डॉक्टरांशी फोनवरून सल्लामसलत घडवून आणणं, असं हे काम. म्हणजे आपल्याच तालुक्यात राहून, आपल्याच माणसांत. ही पदं बहुतेक कंत्राटी आहेत, हे मात्र घरच्यांनी आधीच समजून घ्यावं.

आपत्ती व्यवस्थापनही याच विषयात येतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा वेळी जखमींना लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा गटांत वाटून कुणाला आधी हलवायचं ते ठरवावं लागतं. बाहेरची मदत पोचेपर्यंतचे तास स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांचेच असतात. आंबेगावच्या मुलांनी हा धडा केवळ गुणांसाठी वाचू नये.

कायदा, नोंदी, संशोधन

न्यायवैद्यक शुश्रूषा हा नवा विषय आहे. मारहाण, भाजणं, विषबाधा यांत रुग्णाचे कपडे फेकून न देता जपून ठेवायचे असतात. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. व्यवस्थापन आणि संशोधनही शिकवतात. संशोधनात एक छोटा प्रकल्प असतो आणि तो आपल्या गावातल्या खऱ्या प्रश्नावर केला तर उपयोगाचा होतो.

शेवटचे २२ आठवडे

आठव्या सत्रात वर्ग नसतात, ड्युटी असते. प्रौढांच्या वॉर्डात सहा आठवडे, आणि बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती व समुदाय यांत प्रत्येकी चार. रात्रपाळी, हस्तांतराच्या नोंदी, नातेवाइकांचा राग, पहिला मृत्यू. काही मुलं इथं खचतात आणि त्यांना धीर देणारं कुणी लागतं. शिक्षकांनी आणि घरच्यांनी या काळात 'नोकरीचं काय?' याआधी 'झोप झाली का?' हे विचारावं. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. तिच्याशिवाय काम करता येत नाही.

कॉलेज निवडताना

पैशासाठी कुणी थांबू नये. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. आदिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आहे आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वयम योजना. चौकशीसाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय जवळ आहे.

खरी काळजी घ्यायची ती कॉलेज पाहताना. वर्गाला ८० टक्के उपस्थिती लागते, आणि प्रात्यक्षिकाची तर १०० टक्के पूर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. 'हजेरीचं आम्ही पाहून घेऊ' असं जिथं सांगतात तिथं मुलीला घालू नका. तिथून ती कागद घेऊन बाहेर पडेल आणि पहिल्याच रात्रपाळीत तिचे हात थरथरतील. परिचर्या परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का ते संकेतस्थळावर पाहा. स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय आहे का विचारा. आणि नुसती इमारत पाहून परत येऊ नका: दुपारच्या वेळी त्यांच्या वॉर्डात जा, खाटांवर खरे रुग्ण आहेत का, शेजारी विद्यार्थी उभे आहेत का, हे डोळ्यांनी पाहा आणि मगच फी भरा.